मुंबईचे आरक्षण आणि साठ दिवसांचे वाचन

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की वर्धा शहर आणि त्याला लागून असलेल्या नालवाडीसारख्या वस्त्यांतील नोकरदार कुटुंबांत एक प्रश्न हमखास चर्चेला येतो. यंदा मुलांना कोठे न्यायचे? आजोळ आणि कुलदैवत हे पूर्वीचे ठरलेले उत्तर आता पुरेनासे झाले आहे. मुलांना मोठे शहर पाहायचे असते आणि आईवडिलांनाही ते दाखवायचे असते. बहुतेक घरांत मुंबईवर एकमत होते. मग विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण, मुंबईच्या नातेवाइकांना फोन, हॉटेलांच्या दरांची चौकशी, नवे कपडे, नवे बूट अशी तयारी सुरू होते. काय पाहायचे याची यादीही होते. समुद्र, गेटवे, राणीच्या बागेतील पेंग्विन, एखादा मॉल, एखादे वॉटर पार्क आणि सिनेनटांचे बंगले. खर्चाचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. या साऱ्या तयारीत एक वस्तू मात्र अभावानेच आढळते, ती म्हणजे पुस्तक.

रेल्वेचे आरक्षण सध्या प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. तिकीट हाती पडल्यापासून गाडीत बसेपर्यंतचे हे साठ दिवस आपण वाट पाहण्यात घालवतो. हेच दिवस मुलांच्या वाचनाचे असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. आपले मूल मुंबईत केवळ ग्राहक म्हणून वावरणार की त्या शहराच्या घडणीत आपल्याही पूर्वजांचा हात आहे हे जाणणारा वारसदार म्हणून, हे बरेचसे या साठ दिवसांत घरीच ठरत असते.

न वाचता गेलेले मूल काय पाहते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पेंग्विनसाठी मोठी रांग लागते. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीच्या बेटावरचा. पोर्तुगीज तेथे उतरले आणि या हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. पुढे इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला, तेव्हा उचलतानाच तो भंगला. नंतर त्याचे तुकडे जोडून तो राणीच्या बागेत उभा करण्यात आला. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमूर्ती, तिच्यासमोर बंदुका चालवणारे परकीय सैनिक, बेटाचे बदललेले नाव आणि तुकडे होऊनही पुन्हा उभा राहिलेला हत्ती, एवढा मोठा इतिहास त्या एका दगडात साठवलेला आहे. ज्याने ही गोष्ट वाचली आहे ते मूल त्या हत्तीपाशी थबकते. ज्याने वाचलेली नाही ते आईस्क्रीम खात त्याच्या जवळून निघून जाते.

दुसरे उदाहरण गेटवे ऑफ इंडियाचे. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज मुंबईत उतरला, त्या घटनेच्या स्मरणार्थ ही कमान बांधली गेली. राजा आला तेव्हा ती उभी नव्हती, ती पुरी झाली १९२४ मध्ये. आणि अवघ्या चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून भारत सोडून गेली. समोरच शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ साली उभारला गेला. साम्राज्याच्या स्वागताची कमान त्याच साम्राज्याच्या निरोपाची कमान झाली, हा इतिहासाने उगवलेला सूड दहा वर्षांच्या मुलाला सहज समजतो आणि आवडतोही. मात्र तो त्याला कोणीतरी आधी सांगितलेला असावा लागतो. ऐन गर्दीत, छायाचित्र काढण्याच्या धांदलीत तो सांगता येत नाही.

येथे कोणी विचारील की वाचनाचा आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर असे की आरंभ मुंबईपासून करूच नये, तो आपल्या गावापासून करावा. नालवाडीच्या मुलाने मुंबईस जाण्यापूर्वी प्रथम नालवाडी वाचली पाहिजे. धुळ्याच्या तुरुंगातून सुटल्यावर १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीस येऊन राहिले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत हेच त्यांचे साधनास्थान होते. स्वतःच्या सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे, समाजाने हीन ठरवलेले काम प्रतिष्ठेचे मानून चालवणारे चर्मालय याच गावात उभे राहिले. जवळच्या वर्ध्यात १९२८ साली जमनालालजी बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये संघाच्या हिवाळी शिबिराला गांधीजींनी भेट दिली आणि तेथे जातिभेदाविना एकत्र राहणारे, एका पंगतीत जेवणारे स्वयंसेवक पाहून ते प्रभावित झाले. आपण ज्या रस्त्यांवरून रोज शाळेत जातो त्यांवरून ही माणसे चालली आहेत, हे ज्या मुलाला ठाऊक आहे ते कोणत्याही महानगरात मान खाली घालून वावरणार नाही.

आणि नालवाडीचा हाच धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने ‘चले जाव’चा ठराव केला तो वर्ध्यात. त्यावर शिक्कामोर्तब झाले ते ८ ऑगस्ट रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर, म्हणजेच आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर. वर्ध्याचे मूल त्या मैदानावर उभे राहते तेव्हा ते पाहुणे नसते. इथली गोष्ट माझ्या गावात सुरू झाली, असे ते म्हणू शकते. गाडी नाशिक रोडला थांबते तेव्हा त्याला सांगावे की याच ठिकाणच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, आणि त्याआधी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारे हेच साने गुरुजी होते. एक कारावास संपवून विनोबा नालवाडीला आले आणि दुसऱ्या कारावासात गुरुजींनी श्यामला जन्म दिला. साने गुरुजींच्या राजकीय विचारांशी आपले मतभेद असतील, परंतु मराठी मुलांच्या मनावर संस्कार करणाऱ्या या पुस्तकाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मुलाच्या हाती ते पुस्तक असेल तर साडेसातशे किलोमीटरचा प्रवास कंटाळवाणा न होता पाठाचाच एक भाग होतो.

मुंबई आणि वर्धा यांच्या नात्याची आणखी एक बाजू आहे. ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, म्हणून मुद्दाम सांगितली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे सर्वांना ठाऊक असते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट अग्रभागी होते, हेही काहींना ठाऊक असते. परंतु हा लोहमार्ग १८६७ मध्ये आपल्या वर्ध्यावरून नागपूरपर्यंत आला तो कशासाठी? प्रवाशांची सोय हे एक कारण होते, पण खरे कारण होते कापूस. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेच्या बाजारातही त्याच नावाने ओळखला जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, भारतीय कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशाने मुंबई झळाळली. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याने गाळलेला घाम मुंबईच्या पायात मुरलेला आहे. हार्बर मार्गावर ‘कॉटन ग्रीन’ नावाचे स्थानक आहे. त्याच्या नावाचा अर्थ वर्ध्याच्या मुलाला आधी कळला पाहिजे. कापूस पिकवणारा जिल्हा त्याचा आहे.

हे ठाऊक असलेले मूल लोअर परळच्या मॉलमध्ये गेले तरी बिघडत नाही. ज्या जागेवर आज झगमगाट आहे तेथे एके काळी फिनिक्स गिरणी होती, हे त्याला माहीत असते. त्याच परिसरात कोकणातून, घाटावरून आलेल्या लक्षावधी कामगारांनी चाळींतील एकेका खोलीत संसार केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तो गिरणगाव उद्ध्वस्त झाला, हेही त्याने थोडेफार वाचलेले असावे. मुलांना केवळ वैभव दाखवू नये. त्या वैभवाखाली कोणाचे श्रम गाडले गेले आहेत तेही दाखवावे. राष्ट्र म्हणजे केवळ सिंहासने आणि रणांगणे नव्हेत. शेतात, गिरणीत आणि चर्मालयात राबणारे हातही राष्ट्रच आहेत.

या ठिकाणी आपल्या घरातील एका उणिवेकडेही निर्देश केला पाहिजे. आपल्या विचारांच्या कुटुंबांत मुलांसाठी पुस्तके नसतात असे नाही. शिवचरित्र असते, स्वातंत्र्यवीर सावरकरांची पुस्तके असतात, डॉक्टरांचे आणि श्रीगुरुजींचे चरित्र असते. ही पुस्तके हवीतच. मुंबईस जाऊन दादरचे सावरकर राष्ट्रीय स्मारक पाहण्याआधी थोड्या मोठ्या मुलांनी ‘माझी जन्मठेप’मधील काही प्रकरणे वाचलीच पाहिजेत. परंतु ही पुस्तके बहुधा बैठकीच्या कपाटात काचेआड असतात. ती दाखवली जातात, वाचली जात नाहीत. शिवाय चरित्रांपलीकडचे, शहर कसे चालते, माणसे कशी जगतात, हे सांगणारे पुस्तक त्या कपाटात जवळजवळ नसतेच.

याउलट एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. दरवर्षी ६ डिसेंबरला विदर्भातून हजारो माणसे दाटीवाटीने गाड्यांत बसून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी दादरच्या चैत्यभूमीवर जातात. त्यांतील कितीतरी जणांना मुंबईत हॉटेल परवडत नाही. तेथे शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि दिवसभर उन्हात रांगेत उभी राहिलेली माणसे परतताना पदरमोड करून पुस्तके घेऊन जातात. ज्या महापुरुषाने दादरच्या हिंदू कॉलनीत आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्याला याहून उचित अभिवादन दुसरे नाही. महिन्याच्या ठरावीक पगारावर, पक्क्या घरात राहणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने या दृश्यासमोर नम्र व्हावे आणि मुंबईहून येताना आपल्या पिशवीत काय होते ते आठवून पाहावे.

आता प्रश्न प्रत्यक्ष पुस्तकांचा. लहान मुलांना एखाद्या शहराची ओळख करून देणारी चित्रमय पुस्तके पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकांपासून आहेत. मिरोस्लाव्ह शाशेक या चेक चित्रकाराने १९५९ मध्ये पॅरिस आणि लंडन यांवरील पुस्तकांनी एक माला सुरू केली. पुढे रोम, न्यूयॉर्क, व्हेनिस, हाँगकाँग अशी अठरा पुस्तके तीत निघाली. त्या अठरांत भारताचे एकही शहर नाही. त्यात नवल नाही, कारण ज्याने त्याने आपल्या दृष्टीला भावेल ते रंगवावे. नवल आहे ते आपले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला लंडनची दुमजली बस आणि पॅरिसचा मनोरा चित्रात ओळखता येतो, बाणगंगा आणि मुंबादेवी मात्र ओळखता येत नाही. वर्ध्याच्या, गडचिरोलीच्या किंवा परभणीच्या मुलाच्या डोळ्यांनी मुंबई दाखवणारी सचित्र मराठी पुस्तकमाला ही आज गरज आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा सोहळा आपण केला. पण भाषेचे भवितव्य ताम्रपटांत नसते, ते आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात असते.

तशी माला निघेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जे आहे ते थोडके नाही. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ हा फुरसुंगीसारख्या खेड्यातून पुण्याच्या विद्याभवनात आलेला मुलगा. खेड्यातील पोर मोठ्या शहरात न बुजता, डोळे उघडे ठेवून कसे वावरते, हे त्याच्याकडून शिकावे. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आधी आकाशवाणीवर गाजला आणि मग पुस्तकांतून घरोघरी गेला. खोडकर असूनही चांगुलपणा न सोडणारा हा मुलगा वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलांनाही ओढून घेतो. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’च्या भागांत मराठीतील उत्तम वेच्यांना चित्रांची जोड आहे. ज्यांना मोठे पुस्तक झेपत नाही त्यांच्यासाठी ‘किशोर’ मासिक आहे. बालभारती ते १९७१ पासून काढत आहे आणि त्याचे जुने अंक आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

पुराणे आणि इतिहास यांसाठी अमर चित्र कथा आहे. दिल्लीच्या दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. हे पाहून व्यथित झालेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही माला मुंबईत सुरू केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. बंगळुरूच्या राष्ट्रोत्थान परिषदेने कन्नडमध्ये काढलेल्या ‘भारत-भारती’ मालेतील पाचशेहून अधिक छोट्या चरित्रपुस्तिका हे तर समाजाने ठरवले तर काय होऊ शकते याचे आदर्श उदाहरण आहे. आणि आईवडिलांसाठी? त्यांनी गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’ चाळावे, गंगाधर गाडगीळांची जगन्नाथ शंकरशेट यांच्यावरील ‘प्रारंभ’ ही कादंबरी वाचावी. ज्या घरात मोठी माणसे वाचत नाहीत तेथे मुलांना वाचा म्हणणे हा निव्वळ उपदेश ठरतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की सहल ही मौजेसाठी असते, तिला शाळेचे रूप कशाला? आक्षेप चुकीचा नाही. वाचनावर प्रश्न विचारू नयेत, परीक्षा घेऊ नये, टिपणे मागू नयेत. समुद्रात खेळायला मिळाले नाही तर मुलांसाठी मुंबई कसली? परंतु ओळखीच्या माणसाकडे जाण्यात जी मौज असते ती अनोळख्याकडे जाण्यात नसते, आणि पुस्तक ही आगाऊ करून दिलेली ओळख आहे. दुसरा आक्षेप असा की आमच्या मुलाला मराठी वाचता येत नाही. मग त्याला वाचून दाखवावे. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे आजीने, आजोबांनी, आईने अथवा वडिलांनी मोठ्याने वाचावे. साठ दिवसांत हे पंधरा तास होतात. पंधरा तास मराठी ऐकलेले मूल सोळाव्या तासाला पुस्तक स्वतः हातात घेण्याची शक्यता पुष्कळ असते. तिसरा आक्षेप खर्चाचा. चौघांच्या कुटुंबाच्या वॉटर पार्कमधील एका दिवसाच्या खर्चात अशा पुस्तकांचा एक खण भरेल, एवढेच त्यावर सांगणे आहे.

हे काम एकेका घरावर सोडूनही चालणार नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, पण त्यांतील बालविभाग ओस पडलेले दिसतात. सुट्टीच्या आधी ग्रंथालयांनी ‘मुंबईस जाण्यापूर्वी’, ‘पुण्यास जाण्यापूर्वी’ असे वीस-वीस पुस्तकांचे संच वेगळे काढून ठेवावेत. आपल्या वस्तीतील शाखेने, बालसंस्कार वर्गाने, महिला मंडळाने प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांना असा संच पोहोचवावा. कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यासाठी निराळ्या कार्यक्रमाची गरज नाही. घरी गेल्यावर ‘प्रवासाची तयारी झाली का?’ या प्रश्नाबरोबर ‘मुले काय वाचताहेत?’ एवढे विचारले तरी आरंभ होईल.

आणखी एक सूचना. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाल्यापासून मुंबईकडून वर्ध्याकडे येणारी वाट सोपी झाली आहे. मुंबईची कुटुंबे आता सेवाग्रामला येतात, बापूकुटीसमोर दहा मिनिटे थांबतात आणि पुढे जातात. त्यांच्या मुलांनीही येण्यापूर्वी काही वाचायला नको काय? पण त्यांनी नालवाडीविषयी काय वाचावे? लहान मुलांना समजेल असे एखादे छोटे सचित्र पुस्तक त्यांच्या हाती पडायला हवे, आणि ते बाहेरून कोणी येऊन लिहील अशी वाट पाहू नये. नालवाडी आणि वर्ध्याच्या शाळांतील मुलांनीच गावातील वृद्धांना विचारून, जुन्या जागा हिंडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली ते लिहावे, त्यांनीच चित्रे काढावीत. सोळा पानांची पुस्तिका छापणे एखाद्या गणेशोत्सव मंडळालाही सहज शक्य आहे. येत्या गणेशोत्सवात मंडपाच्या रोषणाईतील एका दिवसाचा खर्च वाचवून एका तरी मंडळाने हा संकल्प सोडावा. मुंबईला जाणारे मूल आपल्या नातेवाइकांच्या मुलांसाठी ती पुस्तिका भेट म्हणून नेईल, तेव्हा वर्ध्याची भेट पेढ्यांच्या पुड्याहून अधिक काळ टिकेल.